परतलेल्यांची शिरगणती

पुणे-सोलापूर मार्गाने जाताना दौंड तालुक्यात कासुर्डी हे गाव लागते. दौंड आणि शेजारचा शिरूर हे दोन्ही तालुके शेतकऱ्यांचे आणि गुराढोरांचे. जेथे गुरे फार, तेथे गुरांचे मरणही अटळ. म्हणून या भागात गावोगाव शिवेबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची एक जागा ठरलेली असे. एखादा थकलेला बैल किंवा आजाराने गेलेली म्हैस तेथे ओढून नेली, की थोड्याच वेळात निळ्या आभाळात एक काळा ठिपका दिसू लागे. त्या ठिपक्याचे दोन होत, दोनाचे दहा होत आणि पाहता पाहता मोठमोठ्या पंखांचे पक्षी घिरट्या घालीत खाली उतरत. तासा-दोन तासांत तेथे केवळ स्वच्छ हाडे उरत. ना दुर्गंधी, ना माश्या, ना रोगराई. गावाने या सफाईसाठी कधी एक पैसाही खर्च केला नाही.

हे पक्षी म्हणजे गिधाडे. आपल्या भाषेने त्यांना फारसा न्याय दिलेला नाही. कोणी आशाळभूतपणे टपून बसला, तर त्याला आपण गिधाडाची उपमा देतो. कोणी हावरटपणे तुटून पडला, तरी उपमा गिधाडाचीच. रामायणातील जटायू मात्र आपण आदराने आठवतो. पण तो जटायू ज्या कुळातला, त्या कुळाने लोकांचे केवढे काम निमूटपणे उरकले होते, हे ते कूळ दिसेनासे झाल्यावरच ध्यानात आले.

गिधाड दिसेनासे झाले, हे अक्षरशः खरे आहे. १९८० च्या दशकात भारतातील गिधाडांची संख्या काही कोटींच्या घरात असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या काळी ती इतकी सामान्य होती, की त्यांची मोजदाद करावी असे फारसे कोणाला वाटलेही नाही. कावळे कोण मोजतो? परंतु राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या मुंबईच्या संस्थेचे अभ्यासक विभू प्रकाश यांनी त्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. तेव्हा तेथे शेकडो घरटी होती. १९९६ च्या सुमारास ते पुन्हा मोजू लागले, तेव्हा ती निम्म्याहूनही कमी भरली. झाडांवर मेलेली गिधाडे लटकत होती. जी जिवंत होती, त्यांतील काहींच्या माना खाली लोंबत होत्या. पुढे काही वर्षांतच तेथील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी नाहीशी झाली. जुनी नोंद हाताशी नसती, तर हा ऱ्हास सिद्ध करणे अवघड गेले असते. एका माणसाने वेळीच केलेली मोजणी किती मोलाची ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

देशभर पाहणी झाली, तेव्हा चित्र अधिकच भयंकर निघाले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत ९९ टक्क्यांहून अधिक घट झाली होती. म्हणजे जेथे हजार पक्षी होते, तेथे एखाद-दुसराच उरला होता. लांब चोचीचे गिधाड आणि निमुळत्या चोचीचे गिधाड यांची संख्याही शेकडा ९७ च्या आसपास घटली होती. एवढ्या वेगाने पक्ष्यांची जात ओसरल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

कारण काय असावे? साथीचा रोग, कीटकनाशके, अन्नाचा तुटवडा असे अनेक तर्क झाले. उत्तर मिळाले ते पाकिस्तानात. अमेरिकेतील लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे मेलेल्या गिधाडांचे विच्छेदन केले. त्यांच्या आतड्यांवर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर साचलेला होता. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे रक्तातील यूरिक आम्ल बाहेर न पडता अवयवांवर साकळले होते. हे घडवून आणणारे द्रव्य होते डायक्लोफिनॅक, अर्थात ताप, सूज आणि वेदना यांवरचे एक साधे औषध. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या कासेच्या गाईला हे औषध टोचीत. जनावर बरे झाले तर प्रश्न नव्हता. परंतु टोचल्यानंतर थोड्या दिवसांत ते दगावले, तर औषध त्याच्या मांसात राहून जाई आणि ते मांस खाणारे गिधाड काही दिवसांतच मरे.

येथे कोणीही शंका काढील, की औषध टोचलेली जनावरे कितीशी असणार? थोडीच. अभ्यासकांनी गणित मांडून दाखविले, की शंभरांत एकाहून कमी मृत जनावरांत जरी हे औषध असले, तरी गिधाडे नामशेष होण्यास तेवढे पुरते. कारण एका बैलावर एक गिधाड उतरत नाही, पन्नास उतरतात. गिधाड अन्न शोधते ते वासाने नव्हे, तर डोळ्यांनी. शिवाय त्याचे लक्ष जमिनीइतकेच आपल्या सोबत्यांवरही असते. एक खाली झेपावले, की दूरचे दुसरे ते पाहते, त्याला पाहून तिसरे येते. ज्या सवयीने त्यांना इतकी वर्षे पोसले, तीच त्यांच्या मुळावर आली. त्यातून गिधाडाची जोडी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षांच्या आसपास जातात. जेथे मरण झपाट्याचे आणि जन्म सावकाशीचा, तेथे शिल्लक काय उरणार?

भारत शासनाने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनविण्यास बंदी केली. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध गुरांना तेवढेच गुणकारी असून गिधाडांना बाधत नाही, हेही त्याच सुमारास सिद्ध झाले. परंतु माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या बाजारात मिळत आणि त्या गुरांसाठी वापरल्या जात. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची कुपी तीन मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये असे ठरले. केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅक ही औषधेही गिधाडांना तितकीच घातक निघाली, त्यांच्यावर २०२३ साली बंदी आली. अशी ही एकेक वाट बुजवीत जाण्याची खटपट चालू असतानाच दुसरीकडे, जे पक्षी उरले होते त्यांतील काही पकडून सुरक्षित ठेवावेत आणि त्यांची वीण वाढवावी, असा प्रयत्न सुरू झाला होता. हरियाणातील पिंजोर येथे त्या राज्याचा वनविभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी २००१ साली एक केंद्र काढले. त्याला पुढे जटायूचेच नाव मिळाले, हे उचितच झाले. तेथे गिधाडांना बकऱ्याचे मांस देतात, पण बकरा आणल्या दिवशी कापीत नाहीत. त्याला काही दिवस केंद्रात राखतात. त्याच्या अंगात कोणी एखादे औषध टोचलेले असेल, तर ते तेवढ्या अवधीत निघून जावे, हा हेतू.

अशा रीतीने वाढविलेले पक्षी एक ना एक दिवस पुन्हा मोकळ्या आभाळात सोडायचे, हे मुळापासूनच ठरलेले होते. एखाद्या प्रदेशातून नाहीशी झालेली जात तेथे पुन्हा नेऊन वसविणे, याला पुनर्वसन म्हणावे. सोडण्याचा सोहळा एका दिवसाचा असतो. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. पण सोडलेला प्राणी जगला का, कोठे गेला, काय खाल्ले, त्याला पिल्ले झाली का, हे पाहण्याचे काम त्यानंतर वर्षानुवर्षे चालते आणि त्याची छायाचित्रे कोणी छापीत नाही. हे काम कसे करतात, ते समजण्यासाठी प्रथम फार दूरच्या एका बेटावर जाऊन येणे सोयीचे पडेल. कारण बेटावर ही मोजणी सोपी होते.

ऑस्ट्रेलियाच्या अगदी पश्चिम टोकाला शार्क उपसागरात डर्क हार्टोग नावाचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढे. १६१६ साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाचा कप्तान डर्क हार्टोग तेथे उतरला, म्हणून त्याचे नाव बेटाला पडले. याच डच कंपनीची सतराव्या शतकात आपल्या कोकणात वेंगुर्ल्यास वखार होती. हार्टोगच्या काळी बेटावर ऑस्ट्रेलियाचे खास प्राणी, म्हणजे शिशुधान प्राणी, विपुल होते. कांगारू हा त्यांतला सर्वांच्या ओळखीचा. या प्राण्यांचे पिल्लू अगदी अपुऱ्या वाढीचे जन्मते आणि आईच्या पोटावरील पिशवीत, म्हणजे शिशुधानीत, दूध पिऊन वाढते. बँडिकूट नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याची गर्भावस्था तर जेमतेम बारा दिवसांची! या बँडिकूटच्या शिशुधानीचे तोंड मागच्या बाजूस असते. तो सारखी जमीन उकरतो. पिशवीचे तोंड पुढे असते, तर उकरलेली माती पिल्लांच्या अंगावर पडली असती.

एकोणिसाव्या शतकापासून त्या बेटावर मेंढ्या आल्या, शेळ्या आल्या आणि माणसाबरोबर मांजरेही आली. मेंढ्या-शेळ्यांनी झुडपे खाऊन टाकली आणि मांजरांनी प्राणी. मुख्य भूमीवर कोल्ह्यांची भर पडली. ससा-वॉलबी हा सशासारखा दिसणारा छोटा कांगारू आणि शार्क उपसागरातील बँडिकूट हे दोघेही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून नाहीसे झाले. उरले ते केवळ बर्निअर आणि डॉर या दोन लहान बेटांवर, कारण तेथे मांजर कधी पोहोचलेच नव्हते. एखादे तारू तेथे लागून त्यातून मांजरांची एक जोडी उतरली असती, तर हे प्राणी आज चित्रातच पाहावे लागले असते.

२००९ साली डर्क हार्टोग बेट राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याला १६१६ सालचे रूप पुन्हा द्यावे असा संकल्प झाला. मेंढ्या व शेळ्या हलविल्या गेल्या. मांजरांसाठी तर बेटाच्या आरपार कुंपण घालून दोन भाग केले आणि एकेक भाग मोकळा केला. २०१८ साली, बेटावर आता एकही मांजर उरले नाही, अशी खात्री पटली. ससा-वॉलबीच्या दोन जातींचे मोजके प्राणी २०१७ साली चाचणीसाठी आणले होते. २०१८ साली त्यांना मोठ्या संख्येने आणून सोडले. २०१९ मध्ये बँडिकूट आले आणि डिब्लर नावाचा चिमुकला मांसाहारी शिशुधान प्राणीही आला. या डिब्लरला तर शास्त्रज्ञांनी एकदा नामशेषही ठरविले होते. १९६७ साली तो पुन्हा सापडला.

आता या प्राण्यांची गणती करायची कशी? ते निशाचर आहेत, दिवसा झुडपांखाली दडतात आणि रांगेत उभे राहून हजेरी देत नाहीत. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. संध्याकाळी ठरलेल्या जागी लहान पिंजरे मांडतात. त्यांत शेंगदाण्याचे लोणी आणि ओटचे पोहे यांची गोळी ठेवतात. पहाटे, ऊन तापण्याआधी, पिंजरे तपासतात. सापडलेल्या प्राण्याला कापडी पिशवीत घेऊन त्याचे वजन करतात, पायाची लांबी मोजतात, मादी असेल तर शिशुधानीत पिल्ले आहेत का ते पाहतात. मग तांदळाच्या दाण्याएवढी एक क्रमांकित चकती त्वचेखाली बसवून त्याला जेथल्या तेथे सोडून देतात. समजा, पहिल्या खेपेस ४० प्राणी पकडून त्यांना खूण करून सोडले. काही दिवसांनी पुन्हा पिंजरे लावले आणि ५० प्राणी सापडले. त्यांत खूण असलेले १० निघाले. म्हणजे पकडलेल्यांपैकी एकपंचमांश प्राण्यांवर खूण होती. तर मग बेटावरील सर्व प्राण्यांतही एकपंचमांशावरच खूण असली पाहिजे. खुणेचे प्राणी ४०. अर्थात एकूण प्राणी ४० च्या पाचपट, म्हणजे २००. सगळे प्राणी न पाहता सगळ्यांचा आकडा मिळाला!

मात्र हे गणित खरे ठरण्यास काही अटी आहेत. खुणा केलेले प्राणी इतरांत नीट मिसळलेले असावेत. एकदा पिंजऱ्यात फुकट मेजवानी मिळाली म्हणून तोच प्राणी रोज येऊ लागला, तर हिशेब चुकतो. एकदा घाबरून तो पिंजऱ्याकडे फिरकेनासाच झाला, तरीही चुकतो. दोन खेपांच्या दरम्यान फारसे जन्म-मृत्यू होऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या अवधीत कोणी बाहेर जाऊ नये व बाहेरून कोणी येऊ नये. ही शेवटची अट बेटावर आपोआप पाळली जाते, कारण भोवती समुद्राचे कुंपण असते. जे प्राणी पिंजऱ्यात येतच नाहीत, त्यांच्यासाठी वाटेवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावतात, वाळूतील पाऊलखुणा वाचतात, लेंड्या गोळा करतात.

एक खबरदारी मात्र बेटावरही आहे आणि आकाशातही आहे. अंगावर बसविलेले यंत्र प्राण्याला ओझे होता कामा नये. छोट्या सस्तन प्राण्याच्या वजनाच्या शंभरांत पाच भागांहून ते अधिक नसावे, असा दंडक आहे. बँडिकूट दोनशे ग्रॅमचा. म्हणजे त्याच्यासाठीचे यंत्र दहा ग्रॅमच्या आत हवे. त्यातून त्याला मान अशी नाहीच, गळपट्टा घसरून पडतो. म्हणून ते शेपटीच्या बुडाशी बांधावे लागते. पक्ष्यांच्या बाबतीत दंडक आणखी कडक, शंभरांत तीन भागांचा. कारण पक्ष्याला ते ओझे घेऊन उडायचे असते. पाच किलोच्या गिधाडाला यावरून दीडशे ग्रॅमच्या वर काही बांधता येणार नाही, हा हिशेब पाटीवरही होईल.

तर आता बेटावरून पुन्हा महाराष्ट्रात यावे.

२०२४ सालच्या जानेवारीत पिंजोर येथून वीस गिधाडे महाराष्ट्रात आणली गेली. पांढऱ्या पाठीची दहा चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पात आणि लांब चोचीची दहा नागपूरकडील पेंच व्याघ्रप्रकल्पात ठेवली. त्यांना लागलीच मोकळे केले नाही. रानातच मोठे जाळीदार घर उभारून काही महिने त्यांना त्यात राहू दिले. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला वारा कसा वाहतो, दूरची टेकडी कशी दिसते, पाऊस अंगावर कसा पडतो, हे सारेच नवे. पंखांना बळ यायलाही वेळ लागतो. पावसाळ्यात, ऑगस्ट महिन्यात, घराचे दार उघडले गेले. तत्पूर्वी प्रत्येकाला क्रमांक दिला होता आणि पाठीवर पट्ट्यांनी एक छोटे यंत्र बांधले होते. ते सूर्यप्रकाशावर चालते आणि पक्षी कोठे आहे हे उपग्रहांच्या साहाय्याने जाणून ते दूरवर कळविते.

येथे बेटाचे सुख संपले. गिधाडाला कुंपण नाही. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभावर ते पंख न हलविता उंच जाते आणि तेथून घसरत पुढचा स्तंभ गाठते; असे करीत दिवसाला शंभर किलोमीटरही सहज ओलांडते. शंभर किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्याचे क्षेत्रफळ ३१,४०० चौरस किलोमीटर होते, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या दुप्पट. एवढ्या मुलखात कोणत्या गावी कोणत्या दिवशी कोणते जनावर मरेल आणि त्याला कोणते औषध टोचलेले असेल, याचा नेम कोणी धरावा? याच कारणाने, जेथे गिधाडे सोडायची त्या जागेभोवती शंभर किलोमीटरपर्यंतची गावे आणि औषधांची दुकाने आधी तपासावीत, असा नियम अभ्यासकांनी घालून घेतला आहे. डर्क हार्टोगवर आधी मांजरे काढली, मग वॉलबी आणले. येथे आधी विष काढायचे, मग पक्षी आणायचे. क्रम तोच.

ताडोबाचे एन-११ या क्रमांकाचे गिधाड तर त्या वर्तुळाच्याही फार पलीकडे गेले. चार हजार किलोमीटरांहून अधिक भटकंती करीत, पाच राज्यांतून फिरून, ते तमिळनाडूपर्यंत पोहोचले. यंत्र नसते, तर ताडोबाच्या लोकांनी ते मेलेच असे समजून त्याच्या नावापुढे काट मारली असती. उलट, सोडलेल्यांपैकी काही पक्षी खरोखरच दगावले. अशी बातमी ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. वस्तुतः मृत पक्षी सापडणे, हेही या कामातील मोठे साधन आहे. तो विजेच्या तारांना लागून मेला, उपासमारीने मेला, की विषाने, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

म्हणून निरीक्षकाची नजर यंत्राकडून येणाऱ्या खुणांवर सतत खिळलेली असते. पक्षी रोज हलत असेल, उंच जात असेल, रात्री एखाद्या झाडावर थांबत असेल, तर चिंता नाही. पण भर दुपारी, हवा तापलेली असताना, खूण एकाच जागी तासन् तास खिळून राहिली, की मन साशंक होते. कदाचित तेथे मेलेले जनावर असेल आणि पक्षी जेवत असेल. कदाचित तो पावसात भिजून बसला असेल. कदाचित त्याची मान खाली लोंबू लागली असेल. कोणीतरी तेथे गेल्याशिवाय हे कळत नाही. मग जवळच्या वनरक्षकाला निरोप जातो. तो दुचाकीवरून, पुढे वाट संपली की पायी, त्या जागी पोहोचतो. पक्षी अशक्त असेल तर त्याला उचलून उपचार करतात, खाऊ घालतात. मेलेला असेल तर त्याचे यकृत व मूत्रपिंड तपासणीसाठी पाठवितात. शिवाय ज्या जनावराचे मांस त्याने खाल्ले, तेही शोधावे लागते. एका विषारी बैलावर आणखी किती गिधाडे जेवून गेली असतील, कोणास ठाऊक!

महाराष्ट्रात गिधाडे अगदीच संपली होती, असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यात फणसाड आणि चिरगाव परिसरात, नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर आणि विदर्भात गडचिरोलीकडे काही थोडी टिकून राहिली. गावकऱ्यांनी व निसर्गप्रेमी मंडळींनी त्यांना जपले. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर घरटे करते, तर लांब चोचीचे डोंगरकड्याच्या कपारीत. सह्याद्रीचे काळे कातळ त्याला फार मानवतात. सोडलेल्या पक्ष्यांची या रानातल्या भाऊबंदांशी गाठ पडावी, अशी सर्वांचीच इच्छा आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्याला अन्न कोठे असते हे माहीत नसते. रानातल्या गिधाडाला माहीत असते. त्याच्यामागून गेले, की पुरे.

एखादे गिधाड उद्या भीमेच्या खोऱ्यावरून जाऊ लागले, तर त्याला काय दिसेल? उसाचे मळे, कारखान्यांची धुराडी, हमरस्त्यावरून वाहणारी वाहने. कासुर्डीसारख्या गावाच्या शिवेबाहेर मेलेले जनावर दिसलेच, तर त्याभोवती भटकी कुत्री असतील. गिधाडे गेल्यावर त्यांची जागा कुत्र्यांनी घेतली. देशभर त्यांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर पिसाळ रोगाचे भयही वाढले. ते जनावर मरण्यापूर्वी ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात होते, त्याने पशुवैद्याला बोलाविले असेल. लंगडणाऱ्या बैलाची वेदना थांबावी, एवढीच त्याची इच्छा असणार आणि ती चूक कशी म्हणावी? पशुवैद्याच्या पेटीत त्या वेळी कोणती कुपी होती, एवढ्यावर मात्र आभाळातल्या पक्ष्याचे आयुष्य लोंबकळत असते. मेलॉक्सिकॅम असेल, तर बैलालाही आराम आणि पक्ष्यालाही अभय.

पुनर्वसन यशस्वी झाले असे केव्हा म्हणावे? सोडलेले पक्षी वर्षभर जगले, एवढ्याने नव्हे. ससा-वॉलबीच्या बाबतीत शास्त्रज्ञ पाहतात, की बेटावरच जन्मलेल्या मादीच्या शिशुधानीत पिल्लू आहे का. शिवाय पाऊस भरपूर पडलेल्या वर्षी संख्या वाढतेच; तेव्हा अवर्षणाच्या वर्षीही मोजून पाहावे लागते, कारण ऑस्ट्रेलियाच्या त्या रुक्ष भागात दुष्काळ हाच खरा परीक्षक आहे. गिधाडांबाबत अशी वाट आणखी लांबची आहे. जोडी जुळणार, घरटे होणार, एका अंड्यातून पिल्लू निघणार, ते पिल्लू पाच वर्षे जगणार, त्याचीही जोडी जुळणार. आज पाचवीत शिकणारा विद्यार्थी तोवर शाळा संपवून महाविद्यालयात गेलेला असेल.

घरट्यावर लक्ष ठेवण्याची रीत साधी आहे. निरीक्षक झाडापासून पुरेशा अंतरावर, आडोशाला बसतो. झाडावर चढत नाही, आवाज करीत नाही. दुर्बीण, घड्याळ आणि वही एवढेच त्याचे साहित्य. हिवाळ्याच्या तोंडाशी पक्षी चोचीत काटक्या आणताना दिसला, की तो तारीख लिहितो. काही आठवड्यांनी एक पक्षी घरट्यात बसूनच राहू लागतो. दुसरा आला की पहिला उठतो आणि त्याच्या जागी दुसरा बसतो. नर आणि मादी दोघेही अंडे उबवितात, तेव्हा ही पाळी बदलली म्हणजे आत अंडे आहे असे धरून चालतात. सुमारे पन्नास दिवसांनंतर आलेला पक्षी नुसता बसत नाही. मान खाली घालून घशातले अन्न काढून देऊ लागतो. निरीक्षक दुर्बीण स्थिर करतो. घरट्याच्या काठाशी करड्या पिसांचे एक डोके क्षणभर वर आलेले दिसते. तो घड्याळ पाहतो आणि वहीतील शेवटच्या रकान्यात लिहितो : पिल्लू, एक.